ब्रन्सविकमध्ये बसायला चांगलं बिअर गार्डन कसं शोधायचं

मेलबर्नमध्ये आपली बरीच मंडळी टारनीट, पॉइंट कुक, ट्रुगनिना नाहीतर पार तिकडे क्लाईडला राहतात. घर मोठं, रस्ते नवे, पण शुक्रवारी संध्याकाळी चार मित्रांनी झाडाखाली निवांत बसायचं म्हटलं तर जागा नाही, मग सगळे सिटीत जातात, रूफटॉपच्या लायनीत उभे राहतात, म्युझिकच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही आणि दोन तासांत बिल बघून परत येतात. माझं ऐकाल तर सिटी सोडा आणि अपफील्ड लाईनच्या ट्रेनमध्ये बसून उत्तरेला ब्रन्सविकला जा. जुने पब, मागे विटांच्या भिंतीतली अंगणं, मोठी झाडं, आणि एकाच बाकावर कामावरून आलेला प्लंबर, पीएचडीवाली मुलगी आणि चाळीस वर्षं त्याच गल्लीत राहणारे ग्रीक आजोबा. अशी जागा ओळखायची कशी ते सांगतो, कारण सगळीच तशी नाहीत आणि जी आहेत ती टिकतीलच असंही नाही.

आधी भाग समजून घ्या, त्याने शोधणं सोपं जातं. ब्रन्सविक म्हणजे दगडाच्या खाणी आणि विटांच्या भट्ट्यांचं गाव होतं, मेलबर्नच्या कितीतरी इमारतींच्या विटा इथल्याच मातीच्या, हॉफमन ब्रिकवर्क्सच्या चिमण्या अजून उभ्या आहेत. खाणीत आणि भट्टीवर राबणारे लोक म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यावर पब. दुसऱ्या महायुद्धानंतर इटालियन आणि ग्रीक आले, १९६७ मध्ये ऑस्ट्रेलिया-तुर्कस्तान करार झाल्यावर तुर्की कुटुंबं आली, १९७५ ला लेबननमध्ये यादवी पेटल्यावर तिथले लोक आले. ब्रन्सविकचा मुख्य रस्ता म्हणजे सिडनी रोड, त्यावर चालताना हे सगळं एकामागोमाग एक दुकानांच्या पाट्यांवर दिसतं. आता गेली पंधरा-वीस वर्षं पैसेवाले तरुण येतायत, जुन्या फॅक्टऱ्यांच्या जागी अपार्टमेंट उभी राहतायत, भाडी चढतायत आणि ज्यांनी हा भाग घडवला त्यांची मुलं भाडं परवडत नाही म्हणून अजून उत्तरेला, फॉकनर-कॅम्पबेलफील्डकडे सरकतायत. पबचंही तेच होतं. नवीन मालक येतो, रंग काढतो, कुंड्या लावतो, पाइंट दोन डॉलरने महाग करतो, आणि रोज येणारे म्हातारे यायचे बंद होतात. म्हणून माझ्या मते चांगल्या बिअर गार्डनची पहिली खूण बागेत सापडत नाही, बारवर सापडते: नळांच्या रांगेत दहा फॅन्सी हेझी आयपीए असू देत, पण त्यात एक साधा कार्लटन ड्राफ्ट किंवा तसलाच स्वस्तातला लागर अजून आहे का बघा. तो ठेवलाय म्हणजे मालकाला जुनं गिऱ्हाईक हवंय.

आता प्रत्यक्ष शोध. गुगलवर बेस्ट बिअर गार्डन म्हणून टाकलंत की त्याच आठ-दहा जागा येतात आणि त्यातल्या अर्ध्या याद्यांमध्ये वर्षापूर्वी बंद पडलेले पबही असतात. रेटिंग बहुतेक जेवणावर आणि सर्व्हिसवर दिलेलं असतं, बसायच्या जागेवर कोणी देत नाही. त्यापेक्षा मॅप सॅटेलाइटवर टाका आणि सिडनी रोडच्या दोन्ही बाजूंनी हळूहळू वर सरका. पबच्या मागे हिरवा गोल दिसला तर झाड, त्रिकोणी कापड दिसलं तर शेड सेल, चौकोनी पांढरे ठिपके दिसले तर छत्र्या. सगळं पत्र्याने झाकलेलं दिसलं तर ती बाग नाही, ती उघडी खोली आहे, हिवाळ्यात पाऊस लागणार नाही एवढाच फायदा.

उन्हाचं गणित सगळ्यात महत्त्वाचं आणि इथेच आपल्या लोकांची गल्लत होते. महाराष्ट्रात हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो त्यामुळे ऊन दक्षिणेकडून येणार हे आपल्या डोक्यात पक्कं असतं. इथे उलटं, दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. म्हणजे जुलैमध्ये बाहेर बसायचं असेल तर ज्या अंगणाची उत्तरेची बाजू मोकळी आहे तेच शोधायचं, दक्षिणेला कितीही मोठी भिंत असली तरी चालते, उलट ती भिंत ऊन खाऊन गरम होते आणि पाठ टेकायला छान. उत्तरेला चार मजली अपार्टमेंट उभं राहिलं असेल तर ते अंगण मे ते ऑगस्ट गार पडलेलं असतं, मग हीटर लावले तरी मजा नाही.

सिडनी रोड जवळजवळ सरळ दक्षिण-उत्तर जातो, त्यामुळे अजून एक सोपा हिशोब करता येतो. रस्त्याच्या पश्चिमेकडच्या पबचं मागचं अंगण पश्चिमेला उघडतं, तिथे संध्याकाळी उशिरापर्यंत ऊन. पूर्वेकडच्या पबच्या मागच्या अंगणावर दुपारनंतर पबच्याच इमारतीची सावली पडते. सिडनी रोडवर विषम नंबरची दुकानं पश्चिमेला आणि सम नंबरची पूर्वेला, म्हणजे नुसता पत्ता वाचूनही अंदाज येतो. एप्रिल-मेच्या गुलाबी थंडीत विषम नंबर धरा, जानेवारीत ३८ डिग्री असेल तेव्हा सम नंबर धरा. जागेवर गेल्यावर कोपरा, शेजारची भिंत, झाड हे बघावं लागतंच, पण निम्मं काम घरी बसून होतं.

मग एक संध्याकाळ चालायला ठेवा. ज्युएल स्टेशनला उतरा आणि सिडनी रोडने मोरलँड स्टेशनपर्यंत चालत जा, अडीच-तीन किलोमीटरच आहे, थकलात तर मध्ये ब्रन्सविक आणि ॲन्स्टी अशी दोन स्टेशनं आहेत आणि रस्त्यावरून १९ नंबरची ट्राम जातेच. नावात हॉटेल लिहिलंय म्हणून राहायची सोय समजू नका, इथे जुन्या पबांच्या नावात ते असतंच. प्रत्येक पबमध्ये प्यायलाच पाहिजे असं काही नाही, सरळ आत शिरा, बारवाल्याला हाय म्हणा, मागे कसं आहे बघू का विचारा आणि अंगणात एक चक्कर मारून या. कोणी काही बोलत नाही. आठवड्यातल्या साध्या दिवशी साडेचार-पाच वाजता जा, म्हणजे मंगळवार ते गुरुवार. शनिवारी रात्री सगळ्याच जागा भरलेल्या असतात, त्यावरून काहीच कळत नाही. बुधवारी पाच वाजता जिथे पंधरा-वीस लोक बसलेत आणि त्यात सगळ्या वयाचे आहेत, ती जागा धरून ठेवा.

अंगणात काय बघायचं? टेबलं जड लाकडी आणि लांब असतील तर उत्तम, कारण लांब टेबलावर अनोळखी लोक शेजारी येऊन बसतात आणि बोलणं सुरू होतं. दोघा-दोघांची छोटी गोल टेबलं असतील तर ते डेटसाठी ठीक, ग्रुपला नाही. झाड जमिनीत लावलेलं आहे का कुंडीत हे पण बघा, जमिनीतलं जुनं झाड असेल तर उन्हाळ्यात छत्रीपेक्षा कितीतरी गार वाटतं. स्पीकर कुठे टांगलेत ते बघून त्याच्यापासून लांबची जागा हेरून ठेवा. मोठ्या स्क्रीन बाहेरही लावल्या असतील तर मार्च ते सप्टेंबर फूटीचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा, सीझन असतो, तेव्हा वीकेंडला शांत बसणं विसरा, पण मॅच बघायचीच असेल तर याहून चांगली जागा नाही. आणि आत पोकी, म्हणजे जुगाराची मशीन आहेत का ते एकदा डोकावून घ्या. मी स्वतः पोकीवाल्या पबमध्ये बसायला जात नाही. तिथे पैसा मशीनमधून येतो त्यामुळे बागेकडे लक्ष द्यायची मालकाला गरजच नसते, आणि शेजारच्या खोलीत एखादा माणूस पगार घालवत असताना आपण इथे हसत बसायचं हे मला जमत नाही.

काही नावं सांगतो, सुरुवात म्हणून. सिडनी रोडवर मधोमध रिट्रीट आहे, २८० नंबर, मागे मोठी बाग आणि लाइव्ह म्युझिक, बाहेरून कल्पना येत नाही एवढं आत पसरलेलं आहे. समोरच्या बाजूला थोडं वर ब्रन्सविक ग्रीन, तिथलं मागचं अंगण एखाद्याच्या घरामागच्या अंगणासारखं आहे, मोठ्या ग्रुपपेक्षा तिघा-चौघांना बरं. अजून बरंच उत्तरेला एडिनबरा कासल, पश्चिमेच्या बाजूला, तिथवर चालत जाणारे कमी म्हणून जागा मिळायची शक्यता जास्त. टाऊन हॉलच्या कोपऱ्यावरून डॉसन स्ट्रीटवर वळलात की हाउलर लागतं, लोकरीच्या जुन्या गोदामात केलेलं, झाडं भरपूर, गर्दी तरुण. सिडनी रोडवरच दक्षिणेकडे कॉर्निश आर्म्स, त्याबद्दल खाण्याच्या ठिकाणी सांगतो. आणि सिडनी रोड सोडून आतल्या गल्ल्यांमध्येही शिरा, युनियन स्ट्रीटवरचं युनियन हॉटेल, वेस्टन स्ट्रीटवरचं चार्ल्स वेस्टन, असे घरांच्या मध्ये बसलेले पब, तिथे बहुतेक आजूबाजूचेच लोक येतात. निघायच्या आधी त्या पबचं इन्स्टा उघडून शेवटची पोस्ट कधीची आहे तेवढं बघा, कारण गेल्या काही वर्षांत मेलबर्नमध्ये छोट्या ब्रुअरी आणि बार बरेच बंद झालेत, हात बदललेत.

आता जरा कागदपत्रांचं बोलू, कंटाळवाणं वाटेल पण मला हे फार उपयोगी पडतं. व्हिक्टोरियात प्रत्येक पबला दारूचं लायसन्स लोकांना दिसेल असं लावावं लागतं. ते वाचा. त्यात बरेचदा बाहेरच्या जागेची वेळ वेगळी लिहिलेली असते, म्हणजे पब एक वाजेपर्यंत उघडा असला तरी अंगण दहाला नाहीतर अकराला रिकामं करायला लावतात, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. रात्री उशिरापर्यंत बसायचं असेल तर हे आधीच कळलेलं बरं. दुसरं म्हणजे आजूबाजूच्या कुंपणांवर लावलेल्या पिवळ्या नोटिसा. पबच्या उत्तरेला जुनं गॅरेज किंवा गोदाम असेल आणि त्यावर प्लॅनिंगची नोटीस लागली असेल तर समजा की दोन-तीन वर्षांत तिथे इमारत होणार आणि अंगणातलं ऊन जाणार. कौन्सिलच्या साइटवर तो अर्ज बघता येतो, फक्त एक लक्षात ठेवा, या कौन्सिलचं नाव २०२२ मध्ये मोरलँडवरून मेरी-बेक झालं, म्हणून जुनी कागदपत्रं आणि जुन्या बातम्या मोरलँड नावाने सापडतात.

अर्जावर आपलं म्हणणं मांडता येतं, आणि ते मांडावं असं मला मनापासून वाटतं. लाइव्ह म्युझिकवाल्या पबांसाठी २०१४ पासून व्हिक्टोरियाच्या प्लॅनिंगमध्ये नियम आहे की जो नंतर येतो त्याने आवाजाचा बंदोबस्त करायचा, म्हणजे पब आधीपासून असेल आणि शेजारी नवीन अपार्टमेंट आलं तर काचा जाड लावायचा खर्च बिल्डरचा. हा नियम नसता तर यातले कितीतरी पब तक्रारींनीच बंद पडले असते. पण नियम म्युझिकसाठी आहे, अंगणातल्या गप्पांसाठी नाही, त्यामुळे दहानंतर बाहेर बसलात तर आवाज जपा, विशेषतः निघताना फुटपाथवर उभं राहून अर्धा तास निरोप घ्यायची आपली सवय असते ती तेवढी आवरा. एका तक्रारीवरून पबवाल्याला बाग लवकर बंद करायची पाळी येऊ शकते.

खाण्याचं. शाकाहारी लोकांना ऑस्ट्रेलियन पब म्हणजे चिप्स आणि सॅलड एवढंच माहीत असतं, ब्रन्सविकमध्ये तसं अजिबात नाही. कॉर्निश आर्म्सचा व्हीगन मेन्यू प्रसिद्धच आहे, पार्मा (एरवी तळलेलं चिकन, वर सॉस आणि चीज) सुद्धा व्हीगन मिळतो, त्यामुळे आई-बाबा पुण्याहून आले असतील, त्यांना पब कसा असतो बघायचाय पण खाण्याची धास्ती असेल, तर तिथे घेऊन जा. बाकी पबांमध्येही चार-पाच व्हेज गोष्टी असतातच. माझी खरी शिफारस मात्र ही की आधी एखाद्या लेबनीज बेकरीत खाऊन घ्या. वर उत्तरेकडे ए-वन बेकरी आहे, झातार किंवा पालक-चीज घातलेली गरम भाकरी, लिंबू पिळून, पोट भरतं आणि खिशाला लागत नाही. मग पबमध्ये फक्त चिप्सचा एक बोल मागवला तरी चालतो. बाहेरचं खाणं आणलं तर चालेल का हे मात्र विचारून घ्या. किचन असलेल्या पबमध्ये चालत नाही, किचन नसलेले छोटे बार बरेचदा हो म्हणतात. डब्यातून चकल्या काढून टेबलावर ठेवायच्या आधी विचारायलाच हवं. शिवाय हे खाणं आधी झालेलं असेल तर पिणंही बेताचं होतं.

मापं पाठ करा नाहीतर गोंधळ होतो. मेलबर्नमध्ये पॉट म्हणजे २८५ मिली, स्कूनर ४२५, पाइंट ५७० आणि जग साधारण ११४० मिली. पाइंटला आता १४-१५ डॉलर सहज पडतात, त्यामुळे नवीन बिअर असेल तर आधी पॉट घ्या, किंवा चव बघायला मागा, देतात. जग घेऊन वाटून प्यायलं तर स्वस्त पडतं पण सगळ्या पबमध्ये मिळत नाही, आणि जिथे मिळतं ती जागा मला लगेच आवडते. आठवड्याच्या दिवशी चार ते सहा हॅपी अवर असतो, एखाद्या वारी पार्मा स्वस्त असतो, दारावरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी बिलावर सरचार्ज लागतो, तो पण तिथेच लिहिलेला असतो. ग्रुपमध्ये राउंडची पद्धत असते, एकाने सगळ्यांची आणायची मग दुसऱ्याने. पाचजण असाल तर पाच राउंड होतात आणि ते खूप होतं, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाका की मी माझं माझं घेणार, कोणाला राग येत नाही. न पिणाऱ्याची अडचण कुठेच होत नाही, झिरो अल्कोहोल बिअर आता जवळपास प्रत्येक बारवर असते आणि ती घेऊन बसलेले बरेच लोक दिसतात.

सिगारेटचा त्रास होत असेल तर हे बघा: १ ऑगस्ट २०१७ पासून व्हिक्टोरियात बाहेरच्या जागेतसुद्धा खाणं दिलं जात असेल तिथे सिगारेट ओढता येत नाही, ओढायची जागा चार मीटर लांब असावी लागते नाहीतर मध्ये २.१ मीटर उंच भिंत. म्हणून बऱ्याच बागांचे दोन भाग असतात. आत शिरल्यावर जेवणाचे मेन्यू कुठल्या टेबलांवर ठेवलेत ते बघा आणि तिथेच बसा.

मुलांना नेता येतं, आई-वडील बरोबर असतील तर कायद्याने अडचण नाही, तरी प्रत्येक पबची वेळेची मर्यादा वेगळी असते म्हणून फोन करून विचारा, आणि रात्री आठच्या आत निघालेलं बरं. कुत्री बऱ्याच बागांमध्ये चालतात.

कपड्यांचं एवढंच सांगतो, जॅकेट बरोबर ठेवा, जानेवारीतसुद्धा. दुपारी ३६ डिग्री असते आणि संध्याकाळी नैर्ऋत्येकडून वारा सुटला की अर्ध्या तासात पंधरा डिग्री उतरू शकते, फोरकास्टमध्ये दुपारनंतर बदल लिहिला असेल तर त्याची वेळ बघून बाहेरचं टेबल ठरवा. आणि सनस्क्रीन लावा, इथल्या उन्हाने भारतीय कातडीसुद्धा भाजते.

जायचं कसं? गाडीने नाही. पार्किंग मिळत नाही हा मुद्दा वेगळाच, पण रक्तातल्या अल्कोहोलची ०.०५ ची मर्यादा फुल स्ट्रेंथच्या दोन पाइंटने सहज ओलांडू शकते, एक पाइंट म्हणजेच दोनपेक्षा जास्त स्टँडर्ड ड्रिंक होतात. पी प्लेट (नवीन ड्रायव्हरचं लायसन्स) असेल तर मर्यादा शून्य, म्हणजे एक घोटही नाही. पोलीस कुठेही थांबवून फुंकायला लावतात आणि व्हिसावर असलेल्या माणसाने तर ही रिस्क अजिबात घेऊ नये. टारनीटवरून व्ही-लाइनने सदर्न क्रॉस आणि तिथून अपफील्ड लाईन. वयस्कर कोणी बरोबर असेल तर ट्रेनच धरा कारण सिडनी रोडवर ट्राममध्ये चढायला पायऱ्या उंच आहेत. शुक्रवार आणि शनिवारी रात्री १९ नंबरची ट्राम रात्रभर असते, त्यामुळे सिटीपर्यंत यायची चिंता नाही, पुढे पश्चिमेला जायची शेवटची गाडी किती वाजता ते मात्र बसायच्या आधीच फोनवर बघून ठेवा.

पहिल्यांदा जात असाल तर मार्चमधला एखादा गुरुवार पकडा. डेलाइट सेव्हिंग अजून चालू असतं म्हणून साडेसातपर्यंत उजेड, उकाडा कमी झालेला, फूटीची गर्दी नुकतीच सुरू होत असते. फक्त मार्चच्या सुरुवातीला सिडनी रोड स्ट्रीट पार्टी असते त्या रविवारी जाऊ नका, म्हणजे पार्टीला जरूर जा, रस्ता बंद करून सगळ्या देशांचं खाणं आणि गाणं असतं, पण त्या दिवशी बागेत उभं राहायलाही जागा नसते. सोमवारी बऱ्याच किचन बंद असतात. साडेचारला ज्युएलला उतरा, विषम नंबरच्या बाजूने चालायला लागा.